किती खणाचं घर?

धुळ्यात माझं डीटीपीचं आणि फ्लेक्सचं दुकान आहे. वाढदिवसाचे बॅनर, उत्तरकार्याची कार्डं, क्लासेसची पत्रकं, निवडणूक आली की हात जोडलेले फोटो. गेल्या दहा-बारा वर्षांत या सगळ्यांपेक्षा जास्त काम येतं ते प्लॉट आणि फ्लॅटचं. तेव्हा पुढे ज्या शब्दांवर मी तोंडसुख घेणार आहे, त्यातले निम्मे मीच टाइप करून, ठळक करून, सोनेरी सावली देऊन गावभर लावलेत. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी दुकानावर येऊन हसायला नको.

देवपूरच्या बाजूला निघालेल्या एका स्कीमचं माहितीपत्रक आमच्याकडे आलं होतं. मजकूर मालकांनीच व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवला होता : ‘निसर्गाच्या कुशीत लक्झुरिअस लाइफस्टाइल. रिव्हर टच टू बीएचके प्रीमियम होम्स. मोजकेच शिल्लक.’ पाया अजून खणायचा होता, तरी मोजकेच शिल्लक होते. मी विचारलं, “शेठ, होम्सच्या जागी घरं टाकू का? मराठी पत्रक आहे.” ते म्हणाले, “भाऊ, घरं लोकांकडे आहेतच. घर लिहिलं तर बघायला कोण येईल?”

मला ते तेव्हा गमतीचं वाटलं. रात्री शटर ओढताना लक्षात आलं, माणूस अगदी खरं बोलला होता. ज्याच्याकडे घर आहे त्याला घर विकायचं, तर आधी त्याच्याजवळ आहे ते घर नव्हेच, असं त्याला वाटायला लावावं लागतं. त्यासाठी वीट लागत नाही, सिमेंट लागत नाही. एक नवा शब्द पुरतो.

त्या स्कीमचा नमुना फ्लॅट तयार झाला तेव्हा मी मायला घेऊन गेलो. माय अमळनेर तालुक्यातली. धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या घरात वाढली, धाब्याच्याच घरात नांदली. तिचा पहिला प्रश्न, “किती खणाचं?” खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. तीन खणाचं घर म्हटलं की ऐकणाऱ्याला पसारा कळायचा. माप लाकडाचं होतं, आणि लाकूड सगळ्यांना दिसायचं. तिथला मुलगा मोठा नम्र होता. म्हणाला, “मावशी, टू बीएचके आहे. हा लिव्हिंग, हा मास्टर बेड, ही किड्स रूम, इकडे युटिलिटी, पलीकडे ड्राय बाल्कनी.” मायने सगळीकडे पावलं टाकून पाहिली. मास्टर बेडमध्ये थांबली आणि पलंगाकडे बोट दाखवून मला म्हणाली की यावर तुझे पाय बाहेर येतील. मी वाकून वितीने मोजलं. पलंग खरंच आखूड होता. नेहमीचा पलंग टाकला असता तर कपाटाचं दार उघडलं नसतं.

मग तिने त्या मुलाला विचारलं, “भाऊ, बिबडा कोठे टाकाना?”

तो गोंधळला. ज्वारीचे बिबडे, पापड, कुरडया उन्हाळ्यात गच्चीवर टाकतात, हे त्याला ठाऊक नसेल असं नाही; त्याच्या घरीही टाकत असतील. पण पाठ केलेल्या मजकुरात बिबड्याला जागा नव्हती. “टेरेस अ‍ॅमेनिटीजमध्ये आहे मावशी, तिथे पार्टी एरिया येणार,” एवढं तो बोलला आणि आम्हाला लिफ्ट दाखवायला घेऊन गेला.

जुन्या घरातल्या जागांची नावं आठवून पाहा. ओटा, ओसरी, माजघर, परसदार, धाबं. त्यातल्या एकाही नावात माणूस नाही. ओसरीवर म्हातारा बसेल, पाहुणा बसेल, बाळंतिणीचा भाऊ येऊन झोपेल. नव्या नावांनी आधीच ठरवून टाकलंय की इथे मालक झोपणार, इथे मुलं झोपणार. मायने विचारलं नाही, पण तिला कळलं असणार की या नकाशात तिची खोली नाही. ती थ्री बीएचकेमध्ये असते. तिसऱ्या बेडरूमवर पत्रकात मी स्वतः ‘पॅरेंट्स रूम’ असं लिहिलेलं आहे. आईबाप ही आता वाढीव किंमत देऊन घ्यायची सोय झाली, आणि आपणही सहज बोलून जातो, “आमचं टू बीएचकेच आहे हो, आईला आणायचं कसं?” तेवढ्याच चौरस फुटांत आमच्या लहानपणी नऊ माणसं राहत होती. ते चांगलं होतं असं मी म्हणत नाही. भांडणं व्हायची, अभ्यास व्हायचा नाही. पण आईला आणायचं कसं हा प्रश्न त्या घराने कधी विचारला नव्हता. तो विचारायला पत्रकाने शिकवलं.

‘रिव्हर टच’चं तर काय सांगावं. पांझरा साक्रीकडून येते, धुळ्यातून जाते, पुढे तापीला मिळते. पाटबंधारे खात्याच्या नकाशावर नदीकाठाने दोन रेषा काढलेल्या असतात. सरासरी पंचवीस वर्षांतून एकदा येणारा पूर जिथवर पोहोचतो ती निळी, शंभर वर्षांतून एकदा येणारा जिथवर पोहोचतो ती लाल. म्हणजे काठावरच्या जागेला सरकारदरबारी एक नाव आहे आणि पत्रकात दुसरं. ‘निळ्या रेषेच्या आत आहे का हो?’ असं कोणी विचारलं तर उत्तर हो किंवा नाही असंच द्यावं लागतं. ‘रिव्हर टच आहे का?’ याला कोणीही हो म्हणू शकतो. टच म्हणजे किती, कुठून, कोणत्या महिन्यात, हे विचारायला त्या शब्दात फटच नाही.

माझं जे काही म्हणणं आहे ते इथेच आहे. मला इंग्रजी शब्दांचा राग नाही. तो राग खान्देशातल्या माणसाने करायचा म्हटलं तर बाजारात तोंडच उघडता येणार नाही. बाजार, दुकान, माल, नफा, किंमत, हिशेब, दलाल हे सगळे फारसी-अरबीतून आलेले. ते आले, राबले, घरचे झाले. ब्रॉयलर कोंबडीचं आपण ‘बॉयलर’ केलं आणि आता उन्हात दहा मिनिटं उभं राहता न येणाऱ्या पोरालाही बॉयलर म्हणतो. ज्या शब्दाने आपल्याला शिवीसुद्धा देता येते तो शब्द आपला झालाच की. उलट ‘निसर्गाच्या कुशीत’ हे शुद्ध मराठी आहे, आणि त्याच्याइतकं पोकळ वाक्य माझ्या संगणकात दुसरं नाही.

विकणाऱ्याच्या भाषेवरही माझा राग नाही. आमचा मुलूख व्यापाराचा. माझे साडू रावेर तालुक्यात केळी लावतात. त्यांच्या फोनवर भाव येतो तो असा : नवती एवढा, पिलबाग एवढा, वापसी एवढा. नवती म्हणजे नव्या लावणीचा माल. पिलबाग म्हणजे आधीच्या झाडाच्या पिलावर धरलेलं पीक. मृगबाग जून-जुलैच्या लावणीची, कांदेबाग पावसाळा सरता सरता लावलेली. वापसी म्हणजे निवडून मागे राहिलेला. या शब्दांत स्तुतीचा एक थेंब नाही. नवती चांगली आणि पिलबाग कमी, हे व्यापाऱ्याला माहीत, शेतकऱ्याला माहीत, घड वाहणाऱ्या मजुरालाही माहीत. घड समोर ठेवून भांडता येतं : हा नवतीचा आहे, पिलबागचा भाव कसा देता? या बाजारात लुबाडणूक होत नाही असं कोणी समजू नये. जाहीर झालेला भाव एक आणि हातात पडणारा दुसरा, ही साडूंची नेहमीची रड. पण लुबाडलं गेलो हे त्यांना त्याच शब्दांत सांगता येतं, कारण शब्द दोघांचा सामाईक आहे. दोन्ही पक्ष बागेत उभे असताना तो घडला.

जाहिरातीचा शब्द असा घडत नाही. तो बनतो तेव्हा घेणारा तिथे नसतो. आणि तो बनवतानाच काळजी घेतलेली असते की त्याला खोटं पाडता येऊ नये. प्रीमियम म्हणजे काय, लक्झुरिअस म्हणजे काय, हेल्दी म्हणजे काय? मी इतकी वर्षं टाइप करतोय, मला कोणी सांगितलेलं नाही. हे शब्द फ्लेक्सवर असेपर्यंत काही बिघडत नाही. लग्नाच्या मंडपाबाहेरची कमान कोणी खरी मानत नाही. बिघडतं ते फ्लेक्स उतरून शब्द स्वयंपाकघरात येतात तेव्हा. जे शब्द उलटतपासणीसाठी होते त्यांच्या जागी येऊन हे शब्द बसतात आणि मग घेणाऱ्याजवळ भांडायला शब्दच उरत नाही.

हे काही आजचं नाही. याचा एक नमुना तर आमच्या अमळनेरलाच आहे. १९४५ च्या डिसेंबरात तिथे एक कंपनी सुरू झाली, वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स. तेलावर प्रक्रिया करून ते घट्ट करायचं, डब्यात भरायचं आणि सूर्यफुलाच्या नावाने विकायचं. तीच पुढे विप्रो झाली. १९४५ पूर्वीपासून देशभर हा पदार्थ डालडा या नावाने पोहोचला होताच. तर या गोठवलेल्या तेलाला नाव काय पडलं? वनस्पती. मराठीत वनस्पती म्हणजे झाडपाला, तुळस, निंब. हायड्रोजन सोडून घट्ट केलेल्या तेलाला हे नाव मिळालं, सरकारी नियमांतही तेच गेलं, आणि लोकांनी त्याला पुढे ‘तूप’ जोडून टाकलं. वनस्पती तूप. त्यात ना धड वनस्पती, ना तूप. लग्नाच्या पंगतीत वाढणारा विचारायचा, “तूप घ्या,” आणि जेवणारा विचारायचा, “कोणतं?” तोवर तूप म्हटलं की तूपच असायचं. आता खऱ्या तुपाला स्वतःची ओळख पटवून द्यायची वेळ आली : साजूक, गावरान, असली, घरचं. साजूक म्हणजे खरं तर ताजं, नुकतं कढवलेलं. त्याचा अर्थ ‘भेसळ नसलेलं’ असा सरकला.

त्यातली मला सगळ्यात आवडणारी गोष्ट कायद्याची आहे. तुपात वनस्पती मिसळून विकतात हे सरकारला दिसत होतं. डब्यावरच्या शब्दावर विसंबून चालणार नव्हतं. म्हणून नियम झाला की वनस्पतीत किमान पाच टक्के तिळाचं तेल घालायचंच. चवीसाठी नाही. तिळाच्या तेलाला एका रासायनिक चाचणीत गुलाबी-लाल रंग येतो. तुपाचा नमुना घ्या, चाचणी करा, रंग आला की चोरी पकडली. म्हणजे शब्द साक्ष देईना म्हणून वस्तूच्या पोटात साक्षीदार बसवला. मी या नियमावर फार दिवस विचार केलाय. ‘प्रीमियम’मध्ये कोणतं तेल घालावं?

दादरीचं उदाहरण याहून ताजं. दादर म्हणजे आमच्याकडची रब्बीची ज्वारी, काळ्या रानातली. तिची भाकरी पांढरी, मऊ, किंचित गोड. माझ्या लहानपणी मात्र पोळी ही बढती होती. पाहुणा आला की पोळी, एरवी भाकरी. गहू परवडू लागला तसं दादर खाणं हे परिस्थितीचं लक्षण ठरलं. सरकारी कागदावरचं नाव होतं भरड धान्य. २०१८ मध्ये केंद्राने ते बदलून पौष्टिक धान्य अशा अर्थाचं नाव दिलं. २०२३ हे वर्ष संयुक्त राष्ट्रांनी भरड धान्यांचं म्हणून जाहीर केलं आणि त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात त्याचं ‘श्री अन्न’ झालं. शहरात त्याला मिलेट म्हणतात. पुण्याची आमची चुलत बहीण फोनवर म्हणाली, “दादा, आम्ही आता मिलेटवर आलोय.” मायने विचारलं, काय खातात म्हणे? मी म्हटलं, ज्वारी.

इथे मी थोडा अडखळतो, हे कबूल करतो. मिलेट या शब्दाने ज्वारीला मान मिळाला हे खोटं नाही. ज्या पोरांना डब्यात भाकरी न्यायची लाज वाटायची त्यांना आता वाटत नसेल, तर शब्दाने चांगलंच काम केलं. पण तो मान मिळाला कोणाला हेही बघावं. ज्वारी म्हटलं की दादर की मालदांडी, जुनी की नवी, काळ्या रानातली की मुरमाड, असे प्रश्न निघतात. मिलेट म्हटलं की ज्वारी, बाजरी, नाचणी, भगर सगळं एका पिशवीत. मागच्या महिन्यात मुलीने मिलेट बिस्किटांचा पुडा आणला. पुड्यावर घटक लिहिताना जे वजनाने जास्त ते आधी, असा नियम आहे. मी पुडा उलटा केला. पहिलं गव्हाचं पीठ, मग साखर, मग पामतेल, आणि ज्वारी चौथी. पुढच्या बाजूला मात्र मोत्यासारखं कणीस. शब्द ज्वारीचा, पोट गव्हाचं. दादर पिकवणाऱ्याला या पुड्यातून काय मिळालं असेल, याचा हिशेब मला लागत नाही.

‘चुलीवरचं’ हा याच घराण्यातला शब्द. हायवेवरच्या पाच ढाब्यांचे बोर्ड मी केलेत, पाचहीवर चूल आहे. मायचे डोळे चुलीने अधू झाले. धूर, राख, पावसाळ्यातली ओली लाकडं आणि फुंकणी. गॅस आला तेव्हा तिने शेगडीला हळद-कुंकू लावलं होतं. २०१६ च्या मे महिन्यात सरकारने उज्ज्वला योजना काढली ती याच धुरासाठी, बायांच्या फुप्फुसांसाठी. एका बाजूला चूल विझवायला सरकार पैसे खर्च करतं आणि दुसऱ्या बाजूला चुलीच्या नावाखाली थाळीचे शंभर रुपये जास्त लागतात. जो तो आपल्या जागी बरोबर असेल. पण ‘चुलीवरचं’ या शब्दातून धूर नेमका कुठे गेला, हा प्रश्न विचारला पाहिजे. तो जिने गिळला तिला वाढीव शंभरातले किती मिळाले, हाही.

कर्जाच्या शब्दांबद्दल बोलायचं तर मला आवाज चढवावा लागतो. शेतकऱ्याने घेतलं की ते कर्ज. नोकरदाराने घेतलं की लोन. दुकानदाराने घेतलं की फायनान्स. शेतकरी कर्जबाजारी असतो, नोकरदाराचा ईएमआय चालू असतो. सोसायटीचं पीककर्ज मार्चअखेर भरायचं, त्यासाठी चार दिवस सावकाराकडून किंवा पाहुण्यांकडून पैसे आणायचे आणि पुन्हा उचल करायची, याला आमच्याकडे ‘नवं-जुनं करणं’ म्हणतात. शब्दातच सगळं उघडं आहे : जुनं गेलेलं नाही, नाव फक्त नवं. शहरात हेच करायला ‘टॉप-अप’ म्हणतात, आणि त्याचा मेसेज अभिनंदनाने सुरू होतो. नवं-जुनं करून आलेला शेतकरी मान खाली घालून बसतो. टॉप-अप घेतलेला पेढे वाटतो.

भाच्याने गेल्या दिवाळीला फोन घेतला. म्हणाला, “मामा, नो कॉस्ट ईएमआयवर घेतला, व्याज नाही.” मी विचारलं, रोख घेतला असता तर कितीला पडला असता? त्याने विचारलंच नव्हतं. रोखीवर जी सूट मिळाली असती ती इथे नव्हती, वर प्रोसेसिंग फी होती. रिझर्व्ह बँकेने २०१३ च्या सप्टेंबरातच बँकांना बजावलं होतं की शून्य टक्के व्याज अशी चीजच अस्तित्वात नाही, व्याज प्रोसेसिंग फीच्या नावाने लपवून घेतलं जातं. त्या शून्याचं पुढे ‘नो कॉस्ट’ झालं. मारवाड्याच्या दुकानातून आमचे आजोबा उधार आणायचे. उधारीची वही लाल कापडात असायची, आणि रोखीचा भाव वेगळा, उधारीचा वेगळा, हे तो तोंडावर सांगायचा. कडू लागायचं, पण कळायचं.

लग्नाच्या बायोडाटात हेच झालंय. रोज दोन-तीन करतो मी. पूर्वी ‘पगार’ असायचा, आता ‘पॅकेज’. पगार महिन्याचा आणि हातात येणारा. पॅकेज वर्षाचं, त्यात न मिळालेला भविष्यनिर्वाह निधी आणि ग्रॅच्युइटीही. मुलीकडची शहाणी मावशी असेल तर ती अजूनही एकच विचारते : हातात किती येतं? तेवढ्याने बैठकीतला सूर बदलतो.

आता कोणी म्हणेल, जुने शब्द काय फार निर्मळ होते? नव्हतेच. गावात कोण कोणत्या वाड्यात राहतो हे नुसतं सांगितलं की जात कळायची, आणि तेवढ्यासाठीच ते नाव होतं. राज्य मंत्रिमंडळाने २०२० च्या डिसेंबरात वस्त्यांची जातिवाचक नावं बदलायचा निर्णय घेतला. समतानगर, क्रांतीनगर अशी नावं द्यायचं ठरलं. अशा एका वस्तीची कमान मी केली आहे आणि तिचे पैसे घेताना मला बरं वाटलं होतं. कोणी गावातलं घर सोडून बायपासवरच्या कॉलनीत, इंग्रजी नावाच्या इमारतीत जाऊन राहतो आणि पत्त्यावरून त्याची जात आता कळत नाही, तर त्याला खणाचं घर, ओसरी, माजघर यांच्या गोष्टी सांगायचा मला काय अधिकार? म्हणून मी जुनं ते सोनं असं म्हणत नाही. जुन्या शब्दांपैकीही जे माणसाला उलट प्रश्न विचारू देत नव्हते, ते गेले ते बरंच झालं. मग नवे आलेत त्यांनाही तोच नियम लावा.

आणि नियम लावता येतो. घरबांधणीच्या कायद्याने लावून दाखवलाय. २०१६ चा रेरा, आपल्याकडे १ मे २०१७ पासून पूर्ण लागू. त्याआधी ‘सुपर बिल्ट-अप’ नावाच्या मापात जिना, लिफ्ट, वॉचमनची खोली सगळं आपल्या नावावर मोजलं जायचं. कायद्याने सांगितलं, विक्री चटई क्षेत्रावर. भिंतीच्या आतली, जिच्यावर चटई अंथरता येते ती जागा. किती साधा शब्द! मायलासुद्धा कळेल, कारण तो खणासारखाच आहे, डोळ्यांनी दिसणारा. त्याच कायद्याच्या बाराव्या कलमात जाहिरातीतल्या खोट्या विधानावर विसंबून पैसे भरले तर भरपाई मागायची सोय आहे. जाहिरातीवर नोंदणी क्रमांक छापावा लागतो, आणि ऑगस्ट २०२३ पासून क्यूआर कोडही. पण पाचशे चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत सदनिका असलेली स्कीम नोंदणीतून सुटते, आणि आमच्यासारख्या शहरांतल्या कितीतरी स्कीम याच मापाच्या असतात. तिथे पत्रक म्हणजे रान मोकळं.

खाण्याच्या वस्तूंतही थोडं झालं. २०२४ च्या एप्रिलमध्ये केंद्राने ऑनलाइन दुकानांना सांगितलं की दुधात घालायच्या पावडरींना ‘हेल्थ ड्रिंक’ म्हणून विकू नका, कारण अन्नसुरक्षेच्या कायद्यात त्या नावाची व्याख्याच नाही. त्यावर एका मोठ्या कंपनीने आपल्या पेयांच्या वर्गाचं नावच बदललं. इतकी वर्षं आया पोरांच्या मागे पेला घेऊन धावल्या, ते एका व्याख्या नसलेल्या शब्दासाठी.

राहिली ती चांदणी. ‘अटी लागू’ची. माझ्या दुकानात सगळ्यात लहान अक्षरं तिचीच. २०२२ च्या जूनमध्ये फसव्या जाहिरातींविरुद्ध केंद्रीय मार्गदर्शक सूचना निघाल्या. त्यांत स्पष्ट आहे की दावा ज्या भाषेत त्याच भाषेत अट हवी, आणि अक्षरही त्याच वळणाचं. धुळ्या-जळगावच्या रस्त्यांवर फिरा आणि असा एक फ्लेक्स दाखवा. दावा मराठीत फूटभर, अट इंग्रजीत बोटभर. महापालिका फ्लेक्सचं भाडं घेते, आकार मोजते, मुदत संपली की काढते. मजकुरात चांदणी असेल तर अट त्याच भाषेत आणि वाचता येईल अशी आहे का, एवढं पाहायला एक कारकून पुरेल. भाषा समित्या आणि ठराव यापेक्षा मला हे जास्त कामाचं वाटतं. मराठी वाचवा म्हणून ओरडणारे पाट्यांवरचं लिपीचं माप घेतात. पाटीवरचा शब्द खरा आहे का, हे त्यातल्या कोणीच विचारत नाही.

मी माझ्यापुरता एक नियम केला. ‘अटी लागू’ लिहायचं असेल तर अटी लिहून द्या, मी त्या मराठीत छापीन. पहिल्या महिन्यात तीन गिऱ्हाइकं पलीकडच्या दुकानात गेली. एकाने लिहून दिल्या. लिहिता लिहिता त्याच्याच लक्षात आलं की फुकट नोंदणीची ऑफर फुकट नाही, आणि त्याने ती ओळ काढली. एवढंच. फार मोठा पराक्रम नाही, आणि दुकानाचं भाडं भरायचं असल्याने प्रीमियम आणि लक्झुरिअस अजूनही छापतोच.

शब्द वरून लादले तरी टिकतातच असं नाही, याचा दाखला तर आमच्या प्रदेशाच्या नावातच आहे. १६०१ मध्ये असीरगड घेतल्यावर अकबराने आपल्या मुलाच्या, दानियालच्या नावावरून या सुभ्याचं नाव दानदेश केलं होतं. बादशहाचं फर्मान, पण लोक खान्देशच म्हणत राहिले. १९०६ मध्ये इंग्रजांनी पूर्व आणि पश्चिम खान्देश केले, महाराष्ट्र झाल्यावर त्यांचे जळगाव आणि धुळे झाले, १९९८ मध्ये नंदुरबार वेगळा निघाला. आज खान्देश नावाचा एकही जिल्हा नाही. नाव राहिलं ते तोंडी. आणि आता राहतंय ते हॉटेलच्या बोर्डावर : खान्देशी तडका, खान्देशी शेवभाजी, खान्देशी भरीत.

असाच एक बोर्ड परवा आला. बारा बाय चार. हॉटेलवाल्याला अहिराणी ओळ हवी होती, ‘मायना हातनी चव’. “एकदम गावचा फील आला पाहिजे,” तो म्हणाला. त्याची सात-आठ वर्षांची मुलगी बरोबर होती. तिने संगणकावर बघून काहीतरी अहिराणीत विचारलं, तर तो पटकन म्हणाला, “नीट बोल. शाळेत असं बोलशील का?” मग मला म्हणाला, अक्षरं जरा मोठी घ्या.

ओळ बरोबर आहे ना, हे विचारायला मी मायला फोन लावला. वाचून दाखवली. ती म्हणाली, “बरोबर शे. तठे रांधस कोन?”

मी म्हटलं, दोन आचारी आहेत, बाहेरची पोरं आहेत.

“मंग मायनं नाव काब्र लिखस?”

हॉटेलवाला समोरच बसला होता. मी फोन ठेवला आणि त्याला विचारलं, पिवळ्यावर लाल घेऊ की लालवर पिवळं.